बिनखताचा तुकडा

काय सांगू बायांनो, चार मुठी युरियानं मी अख्खी युनिव्हर्सिटी बुडवली होती! आज हसते, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

माझी थोरली सुनीता भातावर संशोधन करते. आमचं शेत धसईजवळ. तिथं तिनं चार तुकडे पाडले. तिन्हींना वेगवेगळं खत आणि चौथा बिनखताचाच.

"आई, ह्या चौथ्याला कायपण घालायचं नाय हां. यावर माझा लेख छापायचाय."

"लेखानं काय होतं गो?"

"असे लेख किती निघतात, जगातली माणसं त्यांचा दाखला देतात का, ते बघूनपण युनिव्हर्सिटीचा जगात नंबर लागतो. आमचा घसरलाय. सर रोज ओरडतात."

झालं! माझी झोप उडाली. जगाचा नंबर, आणि तो माझ्या बांधावर?

तिन्ही तुकडे हिरवेगार झाले. चौथा पिवळा, मेल्यासारखा. माझी जाऊ यमुना बांधावरनं ओरडली, "काय गो, लेकीच्या भाताला खत घालायला हात आखडला काय?"

अशी आग लागली मला! वर भीती. तीन पास आणि एक नापास, मग नंबर वर जाईल कसा? पोरीला काढून टाकलं तर? सुनीता मुरबाडला गेलेली. भरदुपारी गेले, चौथ्या तुकड्यात युरिया फेकला आणि मुकाट घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

पंधरा दिवसांनी सर आले. चौथ्या तुकड्यापुढं उभेच राहिले. तो तर सगळ्यांहून हिरवा! अंदाजानं फेकलेला ना, जास्तच पडला.

"सुनीता, बिनखताचा हाच ना?"

पोरीचा चेहरा पांढराफटक. मी आंब्याच्या झाडामागं.

"मावशी, तुम्ही काय घातलंत का?"

"मी? नाय बा!"

"आई!"

सुनीतानं नुसती हाक मारली, आणि मी भडाभडा सगळं ओकले. "सर, पोरीला काढू नका! नंबर माझ्यामुळं घसरला असं लिवा. अंगठा नको, सही येते मला!"

सरांनी कपाळावर हात मारला. "मावशी, खत न घातल्यावर किती पिकतं, तेच तर मोजायचं होतं. त्याच्याशीच बाकीचे तीन ताडून बघायचे. आता वर्ष गेलं."

वर्ष! पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. मी जेवले नाय.

पुढल्या खरिपात मी काठी घेऊन त्या तुकड्यावर बसले. यमुना आली तर तिला हाकललं, नवरा घमेलं घेऊन नुसता जवळनं गेला तरी अंगावर धावले. तुकडा असा पिवळा पडला की बघून मला भरून आलं!

लेख छापून आला. नंबर वर गेला का म्हणून विचारलं, तर सुनीता म्हणाली, "एका लेखानं नाय जात गो." आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. आभार मानले होते माझे.

"कशाबद्दल गो?"

"चौथ्या तुकड्यात काहीही न केल्याबद्दल."

तीस वर्षं चिखलात राबले, घरात कुणी आभार मानले नाय. आणि काय केलं नाय, तर जगभर छापून आले!