बावीस नंबरचा गॅस

माझ्या नवऱ्याला घाम येत नाही. हे ऐकून बायका म्हणतात, "बरं आहे वं बाई, धुण्याचा ताप नाही." मी हसते. आता हसायला काही लागत नाही, तोंड आपलं आपण हसतं.

ते दुसरबीडच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळेतून चिखलीला घरी येताना त्यांच्या मोटारसायकलला ट्रॅक्टरची ट्रॉली लागली आणि मणका गेला. छातीखालचं अंग त्यांचंच आहे, पण त्यांना कळत नाही. पाय गेले हे आम्हाला दवाखान्यातच सांगितलं होतं. घामाचं मात्र पहिल्या उन्हाळ्यात समजलं. खोली तापली की तेही तापतात, उन्हात ठेवलेल्या पितळी तांब्यासारखे. आधी चेहरा लाल होतो, मग डोकं ठणकतं, मग बरळायला लागतात. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, दुसरं औषध नाही. घरात कूलर आहे, पण कूलर दुपारभर हंड्यावर हंडे पितो आणि आमच्या नळाला पाणी येईल तेव्हा येतं. म्हणून एसी. गल्लीतले म्हणतात, मास्तरच्या घरी एसी, मजा आहे बुवा. आहे ना, लय मजा आहे.

तो एसी आम्ही एका डॉक्टरांकडून जुना घेतला होता. भिंतीतून गेलेल्या त्याच्या तांब्याच्या नळीला कुठेतरी बारीक भोक होतं, त्यातून वर्षभर गॅस हळूहळू निघून जायचा. होळी झाली की बाकीच्या घरांत कुरड्या-पापड्या सुरू होतात, आमच्याकडे गॅस भरणं सुरू व्हायचं. एसीवाला मिस्त्री यायचा, गच्चीवर जाऊन सिलिंडर लावायचा, खाली येऊन चहा प्यायचा. भोक बुजवायचं तर भिंत फोडावी लागते, म्हणून कोणी तो विषय काढत नसे.

मग दर होळीला मिस्त्रीचं तोंड जास्त उतरलेलं दिसायला लागलं. "वैनी, हा बावीस नंबरचा ग्यास आता सरकार बंद करून राह्यलं. आभाळाले भोक पाडते म्हणे. नव्या मशिनीत बत्तीस नंबरचा येते. बावीस भेटतच नाही, भेटला तर सोन्याच्या भावात, अन् त्यातबी भेसळ."

"मग बत्तीस भर ना याच्यात."

"नाही जमत वैनी. मशीनच बदला लागते."

आभाळाला भोक पडतं तर बंद करायलाच पाहिजे, मला काही म्हणायचं नाही. फक्त आभाळाचं भोक बुजवायला निघालेल्या कोणाच्या घरी असा माणूस पलंगावर पडलेला नसणार, असं मनात आलं होतं. राग नव्हता. एवढ्या वर्षांत राग, दया, भीती सगळं एका भांड्यात पडून पाणचट झालं होतं.

नवा एसी घेऊ, असं मी ह्यांना तेव्हाच म्हटलं. पैसे नव्हते असं नाही. माझी शाळेतली क्लार्कची नोकरी आहे, त्यांची पेन्शन आहे. जड गेलं असतं, पण घेतला असता. ते म्हणाले, "चालून राह्यला ना? काऊन चालती मशीन भंगारात टाकतेस?" मी दोनदा-तीनदा विषय काढला. दर वेळी तेच. आडमुठेपणा त्यांचा लग्नापासूनचा, मी हा हट्टही त्यातलाच धरला आणि सोडून दिला.

मग मिस्त्रीने वाट काढली. कोणाचा जुना एसी भंगारात जायचा असला की त्याच्या पोटातला गॅस आपल्या सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा आणि आमच्यासाठी राखून ठेवायचा. मीही शाळेत, भाजी घेताना, लग्नात, जिथे जाईन तिथे सांगून ठेवलं, तुम्ही जुना एसी बदलताय का, मला सांगजा. लोक आधी चक्रावायचे, मग सांगायचे. अमडापूरच्या मंगल कार्यालयाने आपले जुने एसी काढले तेव्हा मालकाने स्वतः फोन केला. एका लग्नात नवरदेवाकडचे लोक एसी थंड करत नाही म्हणून भांडत होते आणि मी पंगतीत बसून ऐकत होते, चला, हाही बसला. जिलबी खाता खाता मला बरं वाटलं. दुसऱ्याचं मशीन मेलं की आपला एक उन्हाळा निघतो, एवढंच तेव्हा कळत होतं.

या वर्षी मात्र कुठेच काही मिळेना. ज्यांना बदलायचे होते त्यांनी बदलून टाकलेले. एप्रिलमध्ये एसी नुसता वारा फेकायला लागला. मी ओल्या चादरी खिडकीला लावल्या, शाळेतून अर्ध्या सुट्टीने घरी यायला लागले. तेव्हा माझे धाकटे दीर जानेफळहून आले. ते शेती करतात. त्यांच्या छोट्या टेम्पोत, कडब्याच्या पेंढ्या टाकून त्यावर दोरीने बांधलेला एक जुना एसी होता.

आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कोणी केळी आणतं, कोणी बिस्किटाचा पुडा. दिरांनी एसी आणला होता, आतल्या गॅससाठी. मेहकरला भंगारवाल्याकडे दिसला, घासाघीस करून उचलला, उन्हातान्हात घेऊन आले. "दादा, आता तुले जूनपर्यंत पाहाच काम नाही," असं म्हणून त्यांनी ह्यांच्या पायावर हात ठेवला. पायाला काय कळणार, पण ह्यांचे डोळे भरले.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने अंगणातच तो एसी उघडला, नाक जवळ नेलं आणि मागे झाला. मलाही आला तो वास, जळक्या तेलाचा, आंबूस. "याचा कॉम्प्रेसर जळेल हाये," तो हळूच म्हणाला. "जळालेल्याचा ग्यास भरू नये म्हणतात, दुसरीबी मशीन जाळते. पण चालूनबी जाते कधी कधी. सांगता येत नाही."

दीर तिथेच खाटेवर बसले होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्या माणसाला काय म्हणायचं, घेऊन जा परत? पेशंटसाठी आणलेली केळी काळी निघाली म्हणून कोणी परत देतं का? आतून ह्यांनीच आवाज दिला, "भर रे भाऊ. एवढ्या लांबून आणलं त्यानं." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले. त्याने भरला.

एसी चालला. छान चालला. दीर फोन करून विचारायचे, "थंड करते ना वैनी?" मी म्हणायचे, "हो भाऊजी, बर्फ." मेच्या मध्यावर एका दुपारी गच्चीवरून घरघर आली, मग एक ठोका, मग काहीच नाही. आमच्या मशीनचा कॉम्प्रेसरही जळाला होता. तोच आंबूस वास जिन्यातून खाली आला.

त्यानंतरचं मला दुसऱ्या कोणाचं आठवावं तसं आठवतं. चादरी भिजवल्या. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून त्यांच्या काखेत धरला. ते माझ्याकडे बघून कुठल्याशा पोराला ओरडत होते, पाढे म्हण, पाढे म्हण. मग तेही थांबलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नर्सने ताप सांगितला तर मी "बरं" म्हणाले. बरं! दीर आले आणि दाराशीच खाली बसून रडायला लागले, मी मारलं दादाले, मी मारलं. मी त्यांना उठवलं, कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला, त्यात साखर कमी होती हे मला आठवतं. डोळ्याला पाणी म्हणून आलं नाही. मला माझीच लाज वाटली, पण तीही फार नाही.

ते वाचले. दवाखान्यात होते तेव्हाच मी कोणाला न विचारता नवा एसी घेतला. दिरांनी मिस्त्रीसोबत उभं राहून तो बसवून घेतला, भिंत फोडून नळीसुद्धा नवी टाकली. हे घरी आले त्या दुपारी खोली पहिल्यांदा खरोखर गार होती. मिस्त्री जाताना ह्यांना म्हणाला, "गुरुजी, आता घोर नाही. कॉम्प्रेसरची दहा वर्षं ग्यारंटी हाये."

तो गेल्यावर हे छताकडे बघत म्हणाले,

"दहा वर्षं ठेवतेस का मले?"

"ठेवते म्हणजे? तुम्ही काय कैरीचं लोणचं आहात?"

ते हसले नाहीत. "ग्यास भरला की एक उन्हाळा निघे. मी म्हणो, एवढा काढू. पुढच्या साली नाही भेटला तर नाही भेटला. तू सुटशीन."

मी उभी होते ती पलंगाच्या कडेला बसले. इतके उन्हाळे मी गावोगावचे मेलेले एसी शोधत फिरत होते, आणि हा माणूस पलंगावर पडून गॅस कधी संपतो याची वाट बघत होता. तो जळका गॅस भर म्हणून आवाज दिला तो भावाचा मान राखायला होता, की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही. राग आला. किती तरी वर्षांनी काहीतरी आलं होतं.

मी रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

"मी सुटीन? ठीक आहे. बसा मग. मीही बसते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर मेचं ऊन होतं, सिमेंटची गच्ची डोक्यावर. गारवा जायला वेळ लागला नाही. मी पंखाही लावला नाही. चेहरा लाल व्हायला लागला तसा माझा जीव खाली-वर होऊ लागला, पण मी रिमोट पदराखाली दाबून धरला.

"इतक्या वर्षांत एकदा तरी तोंडानं म्हटलं का तुम्ही, लाव म्हणून? मीच आपली लावत बसते. तुमाले जगाचं नसन तर मी कोणासाठी मरून राह्यली? म्हणा. तोंडानं म्हणा."

त्यांनी डोळे मिटले, ओठावरून जीभ फिरवली. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणा, आता माझ्याच्यानं होत नाही. आणखी थोडं थांबले असते तर मी न विचारताच लावला असता.

"गरम होऊन राह्यलं," ते म्हणाले. मग थांबून, लहान पोरासारखं, "लाव ना वं."

मी लावला. आणि मग तिथेच, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून, जिथपर्यंत त्यांना कळतं तिथे, मोठ्याने रडले.