भोंग्याचं मंत्रिपद

लोखंड ओतायच्या कारखान्यात तो साचे भरायचा. दारात उभा राहून बोलायला लागला की भट्टीचा आवाजसुद्धा खाली बसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. त्याचा थोरला भाऊ त्याच खात्यातली धूळ गिळून गिळून अंथरुणाला खिळला, तेव्हा धूळ ओढणारे पंखे हवेत म्हणून भोंग्याने संप पुकारला. त्याच संपाच्या जोरावर तो निवडून आला. देशात पहिल्यांदाच कामगारांचं सरकार बसलं आणि भोंगा थेट मजूरमंत्री झाला.

पहिल्या दिवशी सचिवाने अदबीने दार उघडून धरलं, आणि हा गडी तिथेच विरघळला. मग कोट शिवला. आवाज खाली आला. कारखान्याच्या मालकाकडे जेवून आला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "माणूस अगदी साधा आहे हो!" साधा! त्याच साध्या माणसाने पंखे बसवले नव्हते, म्हणून याचा सख्खा भाऊ खोकून खोकून रक्त टाकत होता.

पंख्यांची सक्ती करणारा कायदा तयार होता. सचिव म्हणाला, घाई नको. भोंगा म्हणाला, नकोच.

हे कळल्यावर त्याची वहिनी, थोरल्याची बायको, कारखान्यातल्या बायका घेऊन त्याच्या कचेरीत धडकली. त्याने त्यांना बाहेर ताटकळत ठेवून मग आत घेतलं.

"वहिनी, सरकार नवं आहे. लोक म्हणतील, यांना कारभार जमत नाही. जरा दमानं घ्या."

"कोण लोक, भाऊजी?"

त्याने सचिवाकडे बघितलं. सचिव खिडकीबाहेर बघत होता.

"तुमच्या भावाला सांगते हं," वहिनी उठत म्हणाली, "जरा दमानं श्वास घ्या म्हणून."

त्याच हिवाळ्यात भाऊ गेला. भोंगा सरकारी गाडीतून आला. गल्लीत त्याच्यासाठी कुणी वाट सोडेना. वहिनीने दाराची कडी आतून लावली. साहेब थोडा वेळ उभे राहिले, कोट झटकला आणि परतले.

पुढच्या निवडणुकीत कामगारांनी वहिनीलाच त्याच्याविरुद्ध उभं केलं. भोंगा सपाटून पडला आणि मालकाच्या कचेरीत सल्लागार म्हणून चिकटला. पंखे शेवटी बायकांनी भट्ट्या बंद पाडून बसवून घेतले. त्यावर भोंग्याने वर्तमानपत्रात मुलाखत दिली, फोटोसकट: याचा पाया म्हणे आपल्याच काळात घातला गेला.