परदेशी गोणीतला सेंद्रिय काजू

शेवंतीकाकींच्या पडवीत काजूच्या बियांच्या चार गोण्या होत्या आणि चारींवर आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचं नाव. मी लगेच पेन काढलं.

मी सेंद्रिय सर्टिफिकेटची इन्स्पेक्टर. बागेत रसायन मारत नाहीत ना, बाहेरचा माल मिसळत नाहीत ना, हे बघायचं. चाळिशी उलटली होती, पण अक्कल ट्रेनिंगमध्ये मिळाली तेवढीच. गळ्यात आयडी कार्ड आणि तोऱ्याचं तर विचारू नका.

संशयाला कारण होतं. परदेशी बी स्वस्तात उतरायला लागल्यापासून हातखंब्याकडचा काजू फॅक्टरीवाला आमची कोकणातली बीही त्याच भावात मागायचा. काकींच्या सेंद्रिय गटातल्या बागायतदार बायकांना ते परवडेना. सेंद्रिय म्हणून चार पैसे जास्त देणारं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. सर्टिफिकेट गेलं की तेही जाणार.

"काकी, स्वस्त बी आणून सेंद्रिय म्हणून विकताय? मेजर नॉन-कम्प्लायन्स लिहिते." म्हणजे सर्टिफिकेट बंद.

"लिहा की, मॅडम. पण आधी गोणी उघडा. का तीपण कागदावरच उघडता?"

उघडली. टपोरी, इथल्याच वेंगुर्ला जातीची बी, देठाशी सुकलेल्या बोंडाचा तुकडा. आफ्रिकेची असते बारीक, बोटीतून येऊन काळवंडलेली. माझं माहेर काजूच्या बागेतलं, तरी मी गोणीवरचं वाचलं, गोणीतलं बघितलंच नाही.

"मग ह्या गोण्या कुठल्या?"

"फॅक्टरीवाला रिकाम्या देतो, फुकट. चांगल्या जाड आहेत. टाकायच्या कशाला?"

मी गुपचूप पेनाला टोपण लावलं. लावता लावता आठवलं, बोटीच्या मालाला कीड लागू नये म्हणून विषारी औषधाची धुरी देतात. गोणीसकट. ते विष आता ह्या बीलाही लागलं असणार. म्हणजे मी बरोबर होते, पण भलत्याच कारणासाठी.

"काकी, ह्या गोण्यांना विषारी धुरी दिलेली असते. आता मात्र लिहावंच लागेल."

"अगो बाय, मग मघाशीच लिहायचंस. गोणी उघडायला तरी लागली नसती."

मेजरऐवजी मायनर लिहिलं, म्हणजे चूक सुधारायची ताकीद. त्या चार गोण्या साध्या भावात फॅक्टरीला गेल्या, आफ्रिकेच्या बीशेजारी. बाकीची बी टोपल्यांत होती म्हणून वाचली. सर्टिफिकेटही टिकलं. पुढच्या हंगामात गटाने नव्या गोण्या विकत आणल्या.

बाहेरच्या स्वस्त मालाने आमचा भाव पाडला, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच्या रिकाम्या गोणीतून त्याचं विषही पडवीपर्यंत पोचलंय, हे कोणालाच दिसलं नाही. मी मात्र रिटायर होईपर्यंत आधी गोणीत हात घालायचे, मग पेनाला.