अल्लीपूरची वाट आणि टाकीचं झाकण

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा मे महिना. आमची मोटार तेव्हा तिशी ओलांडलेली, माझ्याहून बरीच मोठी, आणि नखरेही तसेच. दोन आठवडे ती दर दहा-बारा किलोमीटरवर बंद पडत होती. बाबांनी कार्बोरेटर अंगणात खोलून फुंकून काढला, पेट्रोलचा पंपही बदलला. काही उपयोग नाही. शेवटी आईने निकाल दिला, "अल्लीपूरले जाताना तीनदा थांबली तं चाकं माझ्या भावाले देऊन टाका." अल्लीपूरच्या मामाला ती बैलबंडीला लावायची होती. बाबा हो म्हणाले खरे, पण निघायच्या सकाळी त्यांनी चहाही घेतला नाही.

बोरगाव मेघेहून आम्ही सहालाच निघालो. उन्हाळ्यात जाणार असाल तर तुम्हीही तसंच करा, नंतर डांबर चपलेला चिकटतं. वर्ध्यात आलुबोंडा-रस्सा खाल्ला. रस्सा असा, की नाक-डोळे एकदम वाहायला लागले.

शहर सुटलं आणि गाडी थांबली. बाबांनी बॉनेट उघडलं. पेट्रोल दिसावं म्हणून पंपाला काचेची वाटी असते, ती कोरडी. मग टाकीचं झाकण काढून कडुनिंबाची काडी बुडवली, तर टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू. वायगावच्या पुढे पुन्हा तेच, तीच काडी.

अल्लीपूर जवळ आलं आणि ती तिसऱ्यांदा थांबली. बाबा उतरले, पण बॉनेटला हात लावेनात. मला मामाच्या बंडीचा भयंकर राग आला.

आई खाली उतरली. "दोनदा काडी घातली, दोनदा चालली. काडीत का जादू आहे? झाकन काढलं म्हून चालली. तेलाच्या डब्याले आपन दोन छिद्रं काऊन पाडतो? हवा आत नाई गेली तं तेल बाहेर येते का?"

तिने झाकण काढून उन्हात धरलं. त्यातलं बारीक छिद्र पांढऱ्या लगद्याने बुजलेलं.

"साबन आहे," बाबा हळूच म्हणाले. "उन्हानं पेट्रोल उडून जाऊन राह्यलं म्हून मीच लावला." गळक्या टाकीला आमच्याकडे सगळेच साबण लावतात. बाबांनी न गळणाऱ्या ठिकाणी लावला होता.

आईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून छिद्र कोरलं. गाडी सुरू झाली.

"पण तीन थांबे झाले," मी घाबरत म्हणाले.

"हा मी मोजत नाई," आई म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

मामाने चारही टायर दाबून पाहिले, उसासा टाकला आणि तरीही गोवऱ्यांवर भाजलेले पाणगे आणि वांग्याची भाजी पोटभर वाढली. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही. घरी उतरताना आई म्हणाली, "पुढच्या रविवारी नाचणगावले जाऊ, माझ्या बहिनीकडे."

आता गाडी नाही, बाबाही नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे. तिच्या कडीत आईची ती सेफ्टी पिन आहे, बाबांनी त्याच संध्याकाळी अडकवलेली.