उभ्या गाडीचा घसारा

गाडी घ्यायची हे बायकोनं ठरवलं. मी नगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवतो. ती सोनईच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सावेडीतून स्कूटरवर स्टँड, तिथून एसटीनं सोनई, असं तिनं बावीस वर्षं केलं. निवृत्तीला चार वर्षं राहिली तेव्हा म्हणाली, "आता मी माझ्या गाडीनं जाणार." आम्ही दोघांनी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. तिला पहिल्याच परीक्षेत लायसन्स मिळालं. मी चौथ्या दिवशी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबून गाडी एका कंपाउंडला टेकवली आणि पुन्हा गेलो नाही.

मला वाटलं होतं ती एखादी साधी पांढरी गाडी बघेल. तिला आवडली ती एका दातांच्या डॉक्टरांची: लाल, बुटकी, रुंद टायरची, जोरात पळणारी, मागची सीट फक्त नावाला. डॉक्टरांना मूल झालं होतं आणि बाळाची खुर्ची मागे नीट बसत नव्हती, म्हणून ते विकत होते.

"ही तरण्या पोरांची गाडी आहे," मी म्हणालो.

"असू दे. मलाही पळवायची आहे," ती म्हणाली आणि शेंडी गावाच्या बायपासपर्यंत जाऊन आली. उतरली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

मग मी माझ्या परीनं तिची बाजू घेतली. घसारा, म्हणजे वापरानं आणि वयानं वस्तूची किंमत उतरत जाणं, हा माझा दरवर्षीचा धडा. डॉक्टरांनी नवी गाडी साडेनऊ लाखांना घेतलेली, पाच वर्षांनी आम्हाला साडेचारला मिळत होती. सुरुवातीच्या वर्षांत किंमत सगळ्यात जास्त उतरते. ते नुकसान डॉक्टरांनी सोसलं होतं. आमच्यापासून पुढे उतार कमी. चार वर्षं वापरून विकली तरी निम्म्याहून जास्त पैसे परत येतील, असं मी तिला कागदावर मांडून दाखवलं. तिनं तो कागद वाचलाही नाही.

दोन वर्षं ती त्या गाडीनं गेली. रविवारी मला शेजारी बसवून इमामपूरच्या घाटातून न्यायची. मी दाराचं हँडल धरून बसायचो आणि ती हसायची.

तिसऱ्या वर्षी तिचा डावा हात थरथरायला लागला. आधी थंडी म्हणाली, मग अशक्तपणा. एका दुपारी शाळेतून येताना तिचा फोन आला. "अहो, मी घोडेगावपाशी थांबलेय. गिअर पडत नाहीये. हातच ऐकत नाहीये. तुम्ही या."

मी एसटीनं गेलो. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती आणि ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मी शेजारी बसलो. मला गाडी येत नव्हती, तिला आता चालवता येत नव्हती. आम्ही तसेच बसून राहिलो. तास-दीड तासानं तिच्या शाळेतले एक शिक्षक मी फोन केल्यावर आले आणि त्यांनी तीच गाडी चालवून आम्हाला घरी आणून सोडलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे; गोळ्यांनी आटोक्यात राहील, बरा होणार नाही. तिनं निवृत्तीच्या दीडेक वर्ष आधीच नोकरी सोडली. गाडी बिल्डिंगखाली उभी राहिली.

मी जुन्या गाड्यांच्या एका एजंटला बोलावलं. तो नेवासा तालुक्यातला, बोलायला सरळ. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "सर, गाडी लई भारी हाय. पन गिऱ्हाईक न्हाई. आपल्याकडं लोकान्ला उंच गाडी लागती, डिझेल, सगळं घर बसंल अशी. ही पेट्रोल खाती, खाली घासती. त्यात कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय. अडीच लाख बघतो."

माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. कालबाह्यता हे घसाऱ्याचं एक कारण म्हणून मी पोरांकडून पाठ करून घेतलं होतं, पण स्वतः मांडलेल्या हिशोबात ते घ्यायचं राहून गेलं होतं.

बायको खिडकीतून म्हणाली, "त्यांना सांगा, दोन महिने थांबा. गोळ्यांनी फरक पडतोय."

फरक पडत नव्हता. तिला चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागत होता. पण तिला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? दोन महिन्यांनी ती पुन्हा तेच म्हणाली, त्यानंतरही तेच. एजंट दर वेळी आकडा खाली आणायचा. "उभी राहिली की बॅटरी जाती, टायर कडक व्हत्यात. तुमी वापरत न्हाई म्हनून तिचं वय थांबत न्हाई सर." मला हे सगळं समजत होतं. दर महिन्याला किती जातंय तेही सांगता आलं असतं. नुसतं समजून काही होत नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस तीच म्हणाली, "द्या विकून."

संगमनेरचा एक फोटोग्राफर आला. एक लाख नव्वद हजारांना सौदा झाला. तिनं थरथरत्या हातानं सही केली, आर.टी.ओ.मधल्या जुन्या सहीशी ती जुळेना, म्हणून एजंटनं तिला कोऱ्या कागदावर चार वेळा सराव करायला लावला. पाचव्यांदा फॉर्मवर कशीबशी जमली. ती सही गिरवत होती आणि मी कागद धरून उभा होतो.

आठवड्यानं फोटोग्राफरचा फोन आला. "काका, दुसरी किल्ली राहिली का तुमच्याकडे?"

मी सगळे खण उपसले. शेवटी किल्ली बायकोच्या शाळेच्या पर्समध्ये सापडली, आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेली. ती पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती.

"नाही म्हणून सांगा ना," ती म्हणाली.

मी फोनवर सांगितलं, "खूप शोधली. नाही सापडत." तो म्हणाला, नवीन करून घ्यायला बराच खर्च येईल. मी म्हणालो, तेवढे पैसे पाठवतो. मग किल्ली रुमालात गुंडाळून आतल्या कप्प्यात सरकवली आणि पर्स होती तिथे ठेवली.