सत्तारभाई आणि मागची सीट

कोणतीही सात सीटर गाडी दाखवा, सत्तारभाई चपला बाहेर काढून थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. साठी ओलांडलेला, चांगला उंचापुरा, पांढऱ्या दाढीचा माणूस. मधली सीट पाडून, वाकून, कण्हत आत शिरायचा आणि गाडीवाल्याला म्हणायचा, "चाल, बाळापूर रोडनं एक चक्कर मारून आन. आनि माह्याशी बोलू नको." गाडी परत आली की दोन मिनिटं तसेच बसून राहायचे, मग उतरून निकाल द्यायचे. इंजिन, मायलेज, टायर यांबद्दल एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं तर माझ्यावरच उखडले. "इंजन तं कोनीबी पाहते, मास्तर. मागं बसून कोन पाहते?"

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक लांबट खोली; निम्मी फोमनं भरलेली, निम्मी रेक्झिनच्या गुंडाळ्यांनी. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या सीटा उसवून-शिवून त्यांना एक विद्या आली होती. सीट पाहून ते घर सांगायचे. एका कापड दुकानदाराच्या गाडीची मागची सीट चाचपून माझ्यासमोर त्याला म्हणाले, "शेट, तुमच्या घरी मागं बसनारं मानूस एकाच कुशीवर बसते. कंबर दुखत असंन त्याची. कोन हाय?" शेटजी चपापले. "आमच्या मातोश्री," म्हणाले. "त्याइले दवाखान्यात दाखवा पहिले. कव्हर मग शिवू." आणि खरोखर गाडी परत पाठवली. अशानं धंदा काय डोंबलाचा होणार! पण अकोल्यातली माणसं गाडी घ्यायच्या आधी त्यांनाच विचारायची.

मी अमरावतीचा. कॉलेजात गणित शिकवतो. मोठी मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर आम्हाला जुळं झालं, आणि आमची जुनी छोटी गाडी एका रात्रीत पुरेनाशी झाली. मी, बायको, मुलगी, दोन बाळं आणि माझी आई. शिवाय हल्ली बाळांना मांडीवर घेऊन चालत नाही. त्यांच्या खुर्च्या सीटला पट्ट्यांनी जखडाव्या लागतात. म्हणजे तिसरी रांग हवीच. एका मित्रानं सत्तारभाईंचं नाव सांगितलं. आईची बहीण अकोल्यालाच असते, म्हणून आईही बरोबर आली.

मी कागदावर हिशेब मांडून नेला होता. कोणती गाडी किती लांब, किती उंच, सगळं. सत्तारभाईंनी कागद हातातही घेतला नाही. "मागं कोन बसनार?"

"बघू. बसेल कोणीतरी."

"कोनीतरी म्हंजे कोन? नाव सांगा."

मी कागदाची घडी घातली. आई जवळच स्टुलावर बसून चहा पीत होती.

"तुमाले मालूम हाय, मास्तर," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सांगाची लाज वाटून राहिली."

त्यांच्या ओळखीच्या एकाची जुनी गाडी विकायची होती. लांबलचक, बुटकी, मागे तिसरी रांग असलेली. सत्तारभाई तिला 'टेशन वॅगन' म्हणायचे, मोठ्या आदरानं. तिची मागची रांग चांगली रुंद होती. मी बरोबर नेलेल्या बाळांच्या दोन्ही खुर्च्या तिथं आरामात बसल्या. मग त्यांनी मधलं दार उघडलं आणि आईला म्हणाले, "बसा, मावशी." आई कोणाचा हात न धरता बसली. गुडघ्यांचं दुखणं असलेली बाई, खाटेवर बसावं तशी बसली. खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि हसली. "कितीक मोकळं हाय रे हे!" म्हणाली. आईला इतकं खुशीत मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

तरी मी ती गाडी घेतली नाही. रंग उडालेला होता, मॉडेल बंद पडलेलं होतं. बायको म्हणाली, "आजोबांची गाडी वाटते." तिला कशाला दोष देऊ? मलाच कॉलेजच्या आवारात उंच, रुबाबदार, नवी कोरी गाडी लावायची होती. तशी घेतली. तिच्या मागच्या रांगेत बाळांच्या खुर्च्या मावत नव्हत्या, त्या मध्ये लावल्या. त्यांच्यामध्ये बायको. मुलीला मागे बसलं की उलटी होते, म्हणून ती पुढे माझ्याशेजारी. उरलेल्या माणसाला उरलेली जागा. गणित बरोबर सुटलं. सत्तारभाईंना फोन करून सांगितलं. "मुबारक हो" म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता, "मायले मधात बसवत जा, मास्तर." हो हो, म्हटलं मी.

पहिलीच सहल सेमाडोहची. परतवाडा सोडल्यावर घाट लागला. आम्ही पुढे बाळांची गाणी लावली होती, टाळ्या वाजवत होतो. आई एकटी मागे. तिथली काच उघडत नाही, थंड हवा तिथवर पोचत नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात बसतो. सेमाडोहला उतरलो तेव्हा आईच्या हातात एक गाठ मारलेली पिशवी होती. घाटात तिला दोनदा उलटी झाली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. "आवाज द्यायचा ना, आई!" मी चिडून बोललो. वर चिडलो, पाहा! "देल्ला होता," ती म्हणाली. "गाने चालू होते. जाऊ दे, आता बरं वाटते."

पुढच्या वेळी ती म्हणाली, "तुमी जाऊन या, मी घरीच बरी." त्याच्या पुढच्या वेळी आम्ही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं होतं. मागची रांग पाडून तिथं सामान ठेवता येऊ लागलं.

दोनेक वर्षांनी पेपर तपासणीसाठी अकोल्याला गेलो होतो, तेव्हा सत्तारभाईंना भेटलो. खूप वाळले होते. दुकानासमोर एक उंच, पांढरी गाडी उभी होती. पोरांनी घेतली, म्हणाले. दोन मुलं, दोन सुना, नातवंडं.

"तुम्ही पास केली का?" मी हसून विचारलं.

"पोरायनं रंग इचारला. मी म्हनलो, पांढरा घ्या."

"अहो, अख्खं अकोला तुम्हाला विचारून गाडी घेतं!"

ते सुईत दोरा ओवत राहिले. मग माझ्याकडे न पाहता बोलले. "बाळापूरले लगीन होतं. गाडीच्या पहिल्या दिवशी मीच मागं जाऊन बसलो, मास्तर. कोनी बसवलं नाई मले. पाहू म्हनलं, 'अब्बा, समोर या' कोन म्हनते."

"मग?"

"मग काय. बाळापूर आलं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "वापस येतानी मी येष्टीनं आलो. पोरायले सांगतलं, काम हाय."

"तुम्हीच का नाही म्हणालात, मला समोर बसायचं म्हणून?"

"मांगून बसाची जागा हाय का ते?" एवढंच म्हणाले आणि शिवायला लागले.

अमरावतीला परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे मला गाडी बाजूला घ्यावी लागली. सेमाडोहला निघालो त्या सकाळी आई मधल्या दाराला हात लावून थोडा वेळ उभी होती. वाट पाहत होती. आणि मी काय म्हणालो होतो? "आई, आटप ना, ऊन होतंय!" मग ती मुकाट मागे चढली होती. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. लाज वाटली स्वतःची, फार लाज वाटली.

त्याच वर्षीच्या थंडीत सत्तारभाई गेले. मी अकोल्याला गेलो, मातीला हजर होतो. नंतर थोरला मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. गुणी मुलगा, बापासाठी डोळे सुजेपर्यंत रडला होता. म्हणाला, "सर, अब्बाले फिराचा शौकच नोता. आमी किती म्हनो, चला, चला. म्हने, तुमी जाऊन या." मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण आता सांगून त्याला कोणता बाप परत मिळणार होता? आणि मी कोण सांगणारा?

त्यानंतरच्या रविवारी परतवाड्याला चुलतभावाच्या नातीचं बारसं होतं. मी एका बाळाची खुर्ची काढली, मुलीला पुढून उठवून तिथं बसवलं. "आई, चल," म्हटलं, "आज तू समोर बसायचं. माझ्याशेजारी."

आई माझ्याकडे पाहतच राहिली. मग आत जाऊन तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, केस विंचरले आणि भिंतीचा आधार घेत फाटकापर्यंत आली. मी दार उघडून धरलं. तिनं गाडीच्या पायरीवर ठेवायला पाय उचलला, पण गुडघा तेवढा वर जाईना. पुन्हा उचलला. मी काखेत हात घालून तिला वर घ्यायला गेलो, तशी ती कळवळली.

"वढू नको रे, दुखते."

स्टूल आणून पाहिलं. त्यावर उभी राहिली तर थरथर कापायला लागली. बायकोनं सावरलं. मग आईच म्हणाली, "राहू दे, बापू. आता नाई होत. तुमी जाऊन या."

मुलं गाडीत रडायला लागली होती. बारशाची वेळ झाली होती. आईनं स्वतःच्या हातानं दार लावलं.

आणि आम्ही गेलो.