हाकेला लाजणारी पाहुणी

पाहुणीनं आमच्या घरात पाऊल टाकलं आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्याही आधी विचारलं, "ढोल कुठे झोपेल?"

चांगलं मराठीत विचारलं. ती होती जपानची आणि मी आहे भूगोलाचा मास्तर. जपानविषयी मला जे काही ठाऊक होतं ते भूकंप, ज्वालामुखी आणि मासेमारी एवढ्यात मावत होतं. ढोलांच्या झोपेबद्दल पाठ्यपुस्तकात काही दिलेलं नाही. मी विचारी चेहरा करून "बघू" म्हणालो आणि बायकोनं बघितलं. ढोल माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी, माझ्या नव्या रजईत झोपला. मला जुनी सोलापुरी चादर मिळाली. खानदेशात थंडी नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबरात एकदा आमच्याकडे सोलापुरी चादरीवर झोपून पाहावं.

सकाळी माझी आत्या, जिला सगळं घर अक्का म्हणतं, माझ्या खोलीत डोकावली. मी गुडघे पोटाशी घेऊन पडलेलो आणि रजईत गुंडाळलेला ढोल ऐटीत बसलेला. अक्का म्हणाली, "हाऊ ढोल शे का जवाई?" पाहुणीनं जवाई म्हणजे काय ते बायकोकडून नीट समजून घेतलं. संध्याकाळी शेजारच्या बाया बघायला आल्या, तेव्हा तिनं रजई बाजूला करून गंभीरपणे सांगितलं, "हे आमचे जावई."

ताइको म्हणजे त्यांच्याकडचे मोठे ढोल. एका अखंड ओंडक्यातून कोरून काढायचे आणि दोन्ही तोंडांवर कातडं ताणून खिळे ठोकायचे. ते वाजवणारी तरुण मुलामुलींची एक मंडळी त्या हिवाळ्यात जळगावच्या एका कला संस्थेनं मुक्कामाला बोलावली होती. त्यांनी इथल्या वाजवणाऱ्यांकडून शिकावं, त्यांना शिकवावं आणि शेवटी धुळ्याला मोठा कार्यक्रम करावा, असं ठरलं होतं. मुलगे संस्थेच्या हॉलवर राहिले, मुली घराघरांत वाटल्या. आमच्या वाट्याला आली तिचं नाव हारुका. अक्काला ते म्हणता येईना आणि मला लक्षात राहीना, त्यामुळे जाईपर्यंत ती पाहुणीच राहिली.

मराठी ती कॉम्प्युटरवर एका पुण्याच्या बाईंकडून शिकलेली. भाजीवाल्याला म्हणायची, "आपण मला अर्धा किलो वांगी द्याल का?" तो बिचारा मागे वळून बघायचा, हे 'आपण' कोण आले म्हणून. म्हणजे ऐकू आलं तर. बहुतेक वेळा त्याला नुसते ओठ हललेले दिसत, कारण पाहुणीचा आवाज इतका बारीक होता, की आमच्या घरातल्या फ्रिजपुढेही तो टिकत नसे. आमच्याकडे तर मीठ मागायचं असलं तरी गच्चीवरून अंगणात ओरडून मागतात.

गोड वाटलं होतं आम्हाला ते आधी. मग कळलं की तिचं सगळं त्या आवाजावरच अडलेलं आहे. ताइको वाजवणारे वाजवता वाजवता मध्येच हाक देतात, "हो-ओ-ई!" अशी. त्या हाकेवर दुसऱ्यानं उचलायचं असतं, थांबायचं असतं, वेग धरायचा असतो. पाहुणी अजून त्या मंडळींत पक्की नव्हती, उमेदवार होती. तिला ठेवायचं की घरी, वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात, परत पाठवायचं ते त्यांचे सर या मुक्कामाच्या शेवटी ठरवणार होते. सर म्हणजे चाळिशीचा सडपातळ, फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिला एकच वाक्य सांगून ठेवलं होतं, आणि ते तिनं आम्हाला पोळी लाटता लाटता भाषांतर करून सांगितलं. "सर म्हणतात, हात पोचले आहेत. मुलगी अजून आलेली नाही." चेहऱ्यावर काही नाही. पोळी मात्र फाटली.

त्यानंतर पाहुणी हाका ऐकत हिंडायला लागली. एकदा धुळ्याहून घरी परतताना मला तिथल्या स्टँडवर घेऊन बसली. "पारोळाऽ पारोळाऽ" करत ओरडणाऱ्या माणसाकडे ती, लोक देवळात बसतात तशी, हात मांडीवर ठेवून बघत होती.

"हे कोणाला बोलावतात?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळे येतात?"

"नाही हो. पारोळ्याला जायचं असेल तोच येतो."

"मग जे येत नाहीत, त्यांचा राग येत नाही?"

मी तीसेक वर्षं वर्गात "गप्प बसा" अशी हाक देतो आहे आणि कोणी येत नाही, तेव्हा या विषयावर मला बोलता आलं असतं. पण बस लागली.

हाकेच्या बाबतीत आमच्या घरातला शेवटचा शब्द अक्काचा. ती पारोळ्याकडची. गच्चीवर उभी राहून हाक मारली, की तीन गल्ल्या पलीकडचा दूधवाला सायकलवरून उतरायचा. आणि तिचा एक नियम होता. हाक आली की ओ दिलीच पाहिजे, मग ती कोणाचीही असो. "काम नही करं तरी चाली, पन ओ देवो. हाक मारनारं मानूस ओ नही भेटनी तं तठेच उभं ऱ्हास." मी पेपर वाचताना ओ देत नसे, म्हणून अक्का माझा उल्लेख बायकोपाशी "तो बहिरा" असा करी.

त्या मंडळींची एक पद्धत मला फार आवडली होती. आपल्याकडे कार्यक्रम संपला की जेवण. त्यांच्याकडे कार्यक्रम संपला की गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं आपली स्वतःची चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची. मला वाटलं, हे घरात आणावं. पुतणीच्या साखरपुड्यानंतर मी सगळ्यांना गोल बसवलं. पहिलीच बारी मोठ्या वहिनींची. त्या म्हणाल्या, "माझी चूक एवढीच, की मी बासुंदीचं काम तुमच्या बायकोवर सोपवलं." पुढचं मी इथे लिहीत नाही. पाहुणी कोपऱ्यात बसून अतिशय उत्सुकतेनं ऐकत होती. शेवटी मला हळूच म्हणाली, "इथे चुका खूप लवकर सापडतात."

जानेवारीत माझ्या मेहुण्यानं शेतावर भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. हिरवी पांढरट वांगी पळाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची आणि बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे लाकूड कोरून केलेलं होडीसारखं भांडं. मेहुण्यानं मुसळी उचलून पहिला घाव घातला आणि पाहुणी ताडकन उठून उभी राहिली.

"असं माझ्या आजीकडे आहे," ती म्हणाली. त्यांच्याकडे नव्या वर्षाला शिजवलेला चिकट भात लाकडी उखळात कुटतात. एकानं कुटायचं आणि दुसऱ्यानं दोन घावांच्या मधे हात घालून भात उलटायचा. आजी उलटायची, आजोबा कुटायचे. "आजोबा प्रत्येक वेळी ओरडायचे. नाही ओरडले तर आजीचा हात..." तिनं पुढचं हातानंच दाखवलं.

"आणि तू?" बायकोनं विचारलं.

"मला कुटू दिलं नाही. माझा आवाज येत नव्हता."

आता, भरिताला मधे हात घालायची काही गरज नसते. ते आपलं आपण ठेचलं जातं. पण अक्का उठली, पदर खोचला, बडगीपुढे फतकल मारून बसली आणि मेहुण्याला म्हणाली, "ती मुसळी दे त्या पोरले." मग पाहुणीला म्हणाली, "तुन्ही आजी नही आठे. पन हात ते शे ना मना?" आणि खरोखर वांग्यात हात घातला.

आम्ही सगळे ओरडलो. पाहुणी एकटी गप्प. मुसळी डोक्यावर धरलेली आणि चेहरा पांढराफटक.

"अक्का, कृपया हात काढावा," ती पुटपुटली.

"ऐकू नही ये. आते वरड, नही तं मना हात गया!"

पहिली हाक जी निघाली ती हाक नव्हतीच, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी होतं. पण अक्कानं "ओ!" म्हणून हात काढला आणि घाव बसला. मग हात परत आत. दुसरी हाक जरा बरी. "ओ!" घाव. हात. हाक. "ओ!" असं चालत चालत पाहुणीचा आवाज कुठून तरी खालून, टाचांतून वर आला. शेवटी तिनं अशी एक हाक दिली, की बांधापलीकडचा माणूस साप निघाला समजून काठी घेऊन धावत आला. त्याला जेवायला बसवलं. त्या दिवशीचं भरीत इतकं ठेचलं गेलं होतं की पितळीतून प्यावं लागलं असतं, पण कोणी नाव ठेवलं नाही.

धुळ्याच्या कार्यक्रमाला आम्ही पहिल्या रांगेत होतो. मध्यभागी एक जागा होती, जिथे बाकीचे सगळे थांबायचे आणि पाहुणीनं एकटीनं हाक देऊन पुढचा ठेका सुरू करून द्यायचा. तिच्यासाठी सगळी परीक्षा तेवढीच. ढोल थांबले. पाहुणीनं टिपऱ्यांसारख्या त्या दोन जाड काठ्या वर उचलल्या आणि हाक दिली. स्वच्छ, लांब, थेट शेवटच्या भिंतीपर्यंत.

आणि माझ्या शेजारून तेवढ्याच आवाजात उत्तर गेलं, "ओऽऽ! आठेच शे मी!"

अक्का इथेच असल्याचं ऐकून अख्खं सभागृह हसलं. मी खुर्चीत शक्य तेवढा खाली सरकलो. स्टेजवर पाहुणीचे हात तसेच वर राहिले. एक ठोका चुकला, सरळ सरळ चुकला. तिनं अंधारात आमच्या दिशेनं पाहिलं, मान किंचित वाकवली आणि मग जो घाव घातला त्यानं माझे दात वाजले. पुढे ते सगळे काय वाजले म्हणता! पण मी सरांकडे बघत होतो. ते कडेला उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

परत येताना जीपमध्ये बायको म्हणाली, "अक्का, कार्यक्रमात मधे बोलायचं नसतं. पोरीचं काही वाईट झालं तर?"

"मंग ती का बरं हाक मारी ऱ्हायनी?" अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी त्यांची शेवटची चुकांची बैठक आमच्याच गच्चीवर झाली. मराठी फक्त पाहुणीला येत होतं, त्यामुळे सगळ्यांच्या चुका आम्हाला तीच सांगत होती. कोणाचा पाय चुकीच्या जागी होता, कोणी घाईनं उचललं. मग तिची बारी आली. ती आधी त्यांच्या भाषेत बोलली, मग आमच्याकडे वळली.

"माझी चूक. अक्कांनी ओ दिली, तेव्हा मी थांबले. एक ठोका गेला." सरांनी काही विचारलं. तिनं तेही सांगितलं. "सर विचारतात, का थांबलीस. मी म्हणते, आजपर्यंत मला कोणी ओ दिली नव्हती. ओ आल्यावर पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं."

"मन्ही काही चूक नही," अक्का मधेच म्हणाली. "मी ते फक्त ओ दिन्ही."

हे भाषांतर होऊन पोचल्यावर सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग ते सावकाश बोलले. पाहुणी भाषांतर करायला लागली आणि तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा बारीक झाला, पण गच्चीवर इतकी शांतता होती की सगळं ऐकू आलं. "सर म्हणतात, आता त्यांची चूक. ते या मुलीला वर्षभर सांगत राहिले, आवाज वाढव. हाक कोणाला मारायची, ते त्यांनी सांगितलं नाही."

मग सर उठले, तिला घेऊन खाली गल्लीत गेले आणि दोघं कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन परत आले. आम्ही गच्चीच्या कठड्यावरून बघत होतो. दोघांनी एकमेकांना कमरेतून वाकून नमस्कार केले, पुन्हा केले, आणखी केले. पण ती माणसं नमस्कारच इतके करतात, की तो होकार होता की निरोप ते काही कळेना. विचारायची हिंमत मला नव्हती, बायकोला तर डोळे पुसायचे होते. तेवढ्यात सामान लादायला टेम्पो आला.

जळगाव स्टेशनवर गाडी लागली. ढोल चढले. पाहुणी अक्काच्या पाया पडली. अक्कानं तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं आणि आम्ही सकाळपासून ज्याच्याभोवती फिरत होतो ते सरळ विचारलं, "ठेवं का मंग तुले त्यासनी?"

"ठेवं," पाहुणी म्हणाली.

"मंग आते लगीन कर."

"आधी ढोल, अक्का. नीट यायला दहा वर्षं लागतात. मग इथे परत येऊन वाजवेन."

"दहा वरीस?" अक्का म्हणाली. "तवलोंग मी थोडी ऱ्हासू?"

पाहुणीनं ते शब्द मनात नीट उलटून पाहिले. तवलोंग म्हणजे तोवर, हे उमगलं, तशी तिनं मान खाली घातली. गाडी हलली, आतून तिच्या सोबतच्या पोरांनी तिला वर ओढून घेतलं. दारात उभी राहून, प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्यानंही वळून बघावं एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मग मी मोठ्यानं वाजवेन!"